मढ : वर्षभरात काय, केव्हा?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घरोघरी डोल जाळ्यांची डागडुजी. श्रावणात नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ अर्पण करून कोळी नव्या हंगामाला लागतात. पाऊस सरला की वलांडीवर बोंबील वाळतात, जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेले. वासाला नाक मुरडणाऱ्यांनी तेव्हा इकडे फिरकूच नये! जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी शेजारच्या एरंगळला सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा. चर्च १५७५चं, पण गर्दीत हिंदू कोळीही भरपूर. यायचं कसं? वर्सोव्याहून फेरीबोटीनं काही मिनिटांत, नाहीतर मालाडहून मार्वे रस्त्यानं लांबचा वळसा. जत्रेच्या दिवशी बोटच बरी.