सीसीसी परीक्षेसाठी कोणते पुस्तक द्यावे?



शाळा-महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास मंडळीतील अनेक कुटुंबे घरातली पुस्तके आवरतात आणि वसतिगृहातील मुलामुलींसाठी काही बाजूला काढून ठेवतात. शब्दकोश, व्याकरण, गोष्टींची पुस्तके यांचा उपयोग वर्षानुवर्षे होतो. संगणकाच्या पुस्तकाचे तसे नाही. ते लवकर शिळे होते, आणि शिळे झाल्याचे वरून दिसत नाही. या लेखात एकच गोष्ट समजावून घेऊ. संगणक प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी अभ्याससाहित्य निवडायचे ते कशावरून? उदाहरण म्हणून सीसीसी ही परीक्षा घेतली आहे, कारण आपल्या भागातील तरुणांना तिची गरज वारंवार पडते.

ही परीक्षा कशाची?

सीसीसी म्हणजे 'कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स'. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील नाइलिट ही संस्था ती घेते. या संस्थेचे पूर्वीचे नाव डीओईएसीसी सोसायटी. २०११ साली ते बदलले. महाराष्ट्रात लिपिकासारख्या पदांच्या जाहिरातींत संगणक अर्हतेच्या रकान्यात सीसीसी किंवा एमएस-सीआयटी असा उल्लेख असतो, आणि तिथे अजूनही बऱ्याचदा जुनेच नाव छापलेले आढळते. ते वाचून मुले गोंधळतात. संस्था एकच आहे, हे त्यांना सांगून ठेवावे.

परीक्षा संगणकावर होते. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ ९० मिनिटे. उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शिक्षणाची किमान अट नाही. कोणत्याही संस्थेत नाव न घालता स्वतः अभ्यास करून थेट बसता येते. पाड्यावरच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. स्वतः अभ्यास करायचा म्हटल्यावर चुकीचे पुस्तक हाती पडले तर 'हे जुने आहे' असे सांगणारे जवळ कोणी नसते.

एमएस-सीआयटीची गोष्ट वेगळी. तो अभ्यासक्रम अधिकृत केंद्रातच करायचा असतो आणि त्याचे साहित्य केंद्राकडून मिळते. त्यासाठी बाजारातून वेगळी पुस्तके घेऊन देण्याची गरज सहसा नसते. आपली मदत खरी लागते ती सीसीसीला थेट बसणाऱ्यांना.

आधी अभ्यासक्रम, मग पुस्तक

दुकानात गेल्यावर आपण जाड पुस्तक उचलतो. खरे तर आधी नाइलिटच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. तो विनामूल्य आहे. छापून भिंतीवर लावला तर आणखी चांगले. त्यात नऊ प्रकरणे आहेत: संगणकाची ओळख, ऑपरेटिंग सिस्टिम, वर्ड प्रोसेसिंग, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन, इंटरनेट, ई-मेल व ई-गव्हर्नन्स सेवा, डिजिटल आर्थिक साधने, आणि शेवटी नवी कौशल्ये व सायबर सुरक्षा.

पुस्तकाची अनुक्रमणिका या नऊ प्रकरणांशेजारी ठेवून ताडून पाहावी. एखादे प्रकरण पुस्तकात नसेल तर ते पुस्तक अपुरे. पुस्तकात दहा प्रकरणे जास्तीची असतील तर तेही फारसे उपयोगाचे नाही. ज्या मुलीला दिवसातून दोनच तास अभ्यासाला मिळतात तिचे तास नको त्या पानांवर जातात.

जुने पुस्तक कुठे अडवते?

संगणक म्हणजे संगणकच, जुन्या पुस्तकाने काय बिघडते, असे आपल्याला वाटते. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण सॉफ्टवेअरचे. सीसीसीच्या जुन्या पुस्तकांत मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि एक्सेल शिकवलेले असते. चालू अभ्यासक्रमात लिब्रेऑफिस आहे: लिहिण्यासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस. दोन्हींत पुष्कळ साम्य आहे, पण परीक्षेत गुण जातात ते फरकावर. कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबली तर वर्डमध्ये अक्षरांचा प्रकार बदलण्याची चौकट उघडते. रायटरमध्ये तीच बटणे मजकुराखाली दुहेरी रेघ ओढतात. बटणे तीच, उत्तर निराळे.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. एक्सेल २००३ च्या काळातील पुस्तक सांगते की एका पानात ६५,५३६ ओळी असतात. एक्सेल २००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या, आणि आजच्या कॅल्कमध्येही तेवढ्याच आहेत. उभ्या स्तंभांचे तर आणखी गमतीचे. कॅल्कमध्ये ते १,०२४ होते, पण २०२२ मध्ये आलेल्या ७.४ या आवृत्तीपासून १६,३८४ झाले. म्हणजे लिब्रेऑफिसचेच पण काही वर्षे जुने पुस्तक असेल, तरी आकडा बदललेला असू शकतो.

तिसरे उदाहरण बँकेचे. एनईएफटीने पैसे फक्त बँकेच्या कामाच्या वेळेत जातात, असे जुनी पुस्तके सांगतात. डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालते. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही तशीच झाली. जुने पुस्तक पाठ करणारा मुलगा इथे खात्रीने चुकीचे उत्तर देईल, आणि उद्या गावात कोणी विचारले तर त्यालाही चुकीचेच सांगेल.

चौथे उदाहरण यूपीआयचे. ही सेवा २०१६ साली सुरू झाली. त्याआधीच्या पुस्तकात तिचे नावही नाही. डिजिलॉकर २०१५ चे, उमंग हे अॅप २०१७ चे. डिजिटल व्यवहारांचे संपूर्ण प्रकरणच अशा पुस्तकात सापडणार नाही.

म्हणून पुस्तक पाठवण्यापूर्वी घरीच एक सोपी कसोटी लावता येईल. अनुक्रमणिकेत लिब्रेऑफिस आहे का आणि यूपीआय आहे का, ते पाहा. या दोनपैकी एकही नसेल तर ते पुस्तक या परीक्षेसाठी पाठवू नये. दोन्ही असतील तर आवृत्तीचे वर्ष पाहावे. मुखपृष्ठावरच्या 'नवीन' या शब्दावर विसंबू नये. आतल्या पानावर छापलेले साल वाचावे.

भाषेचा प्रश्न

आपली बरीच मुले घरी पावरी, भिलोरी, वारली किंवा कोकणा बोलतात. मराठी त्यांची शाळेची भाषा आणि इंग्रजी त्यानंतरची. नुसते इंग्रजी पुस्तक दिले तर मुले न समजता पाठांतर करतात. संज्ञांचे अतिशुद्ध मराठी भाषांतर केलेले पुस्तक दिले तरी पंचाईत होते. पडद्यावर 'फॉरमॅट' आणि 'इन्सर्ट' लिहिलेले असते, आणि पुस्तकात त्यांना भलतीच नावे असतात.

स्पष्टीकरण मराठीत आणि मेनूची, बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशी, असे पुस्तक सर्वांत सोयीचे. लिब्रेऑफिस मराठी मेनूसहही वापरता येते. शिकण्याच्या सुरुवातीला त्याने भीती कमी होते. पण परीक्षा जवळ आली की इंग्रजी मेनूवरच सराव करावा.

इथे एका चांगल्या साधनाचा उल्लेख करायला हवा. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात लिब्रेऑफिसचे लहान लहान दृक्-श्राव्य पाठ तयार केले आहेत. ते अनेक भारतीय भाषांत आहेत, मराठीतही आहेत, आणि विनामूल्य आहेत. साधारण दहा मिनिटांचा पाठ पाहायचा, थांबवायचा आणि तेच स्वतः करून बघायचे, अशी त्यांची पद्धत आहे. ते उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतात, त्यामुळे जिथे मोबाइलला रेंज नाही तिथेही चालतात. काही पाठ जुन्या आवृत्तीवर केलेले आहेत, म्हणून मेनूची जागा थोडी वेगळी दिसली तर गोंधळून जाऊ नये.

प्रश्नसंच कसा निवडावा?

मुलांच्या मोबाइलवर 'हमखास येणारे ५०० प्रश्न' अशा फाइली फिरत असतात. त्यांतले प्रश्न कोणी काढले, उत्तरे कोणी तपासली, याचा पत्ता नसतो. बरीच उत्तरे चुकीची असतात. 'खरी प्रश्नपत्रिका' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. त्यात पैसे जातात, आणि चोरून मिळालेल्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली तरी पहिल्याच दिवशी साहेबांनी पत्र टाइप करायला सांगितले की उघडे पडायला होते.

चांगल्या प्रश्नसंचाची खूण म्हणजे उत्तरासोबत एक-दोन ओळींचे कारण दिलेले असते. आणि पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे मुलांना शिकवावे. उत्तराबद्दल शंका आली तर संगणक उघडून बटण दाबून पाहावे. वरचे दुहेरी रेघेचे उदाहरण अर्ध्या मिनिटात तपासता येते. ज्याने एकदा असे तपासले त्याला ते पुन्हा पाठ करावे लागत नाही.

पुस्तकाआधी संगणक

सीसीसीचा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. त्यापैकी निम्म्याहून अधिक तास प्रात्यक्षिकासाठी ठेवलेले आहेत. या एका गोष्टीत निवडीचे मर्म आहे. परीक्षा वस्तुनिष्ठ असली तरी अभ्यास हाताने करायचा आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून फाइल जतन करण्याची, तक्ता आखण्याची, बेरजेचे सूत्र घालण्याची सवय होत नाही.

म्हणून कपाटात पाच पुस्तके असण्यापेक्षा टेबलावर एक चालू संगणक आणि शेजारी एक योग्य पुस्तक असणे अधिक हिताचे. त्यासाठी नवा महाग लॅपटॉपच हवा असे नाही. लिब्रेऑफिस विनामूल्य आहे आणि विंडोजवर चालते तसेच लिनक्सवरही चालते. ऑफिसमधून निघालेला जुना पण धडधाकट संगणक या कामाला पुरतो. देण्यापूर्वी मात्र त्यातील आपली खासगी कागदपत्रे पुसून टाकावीत, चार्जर आणि माउस सोबत द्यावा, आणि एकदा सुरू करून पाहावा.

चुकीच्या पुस्तकाची किंमत

हे सर्व इतके बारकाईने का पाहायचे? शहरातील मुलगा नापास झाला तर पुढच्या महिन्यात पुन्हा बसतो. दुर्गम पाड्यावरच्या मुलीला परीक्षा केंद्र गाठायला पहाटेची एसटी पकडावी लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पुन्हा बसायचे तर शुल्क पुन्हा भरावे लागते. घरात आधीच प्रश्न असतो की मुलीच्या जातीला हे संगणक कशाला. अठ्ठेचाळीस गुणांवर ती अडली, तर दोन गुणांसाठी तिला दुसरी संधी मिळेलच असे नाही. ते दोन गुण कदाचित एनईएफटीच्या वेळेत आणि कंट्रोल-डीमध्येच गेलेले असतात.

तेव्हा वाचकहो, या वर्षी संगणकाची पुस्तके बांधण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडा आणि त्या दोन गोष्टी शोधा. पुस्तक जुने निघाले तर रद्दीत घालताना वाईट वाटून घेऊ नका. त्याच्याऐवजी चालू आवृत्तीचे एक पुस्तक, स्पोकन ट्युटोरियलचे पाठ भरलेला एक पेन ड्राइव्ह किंवा घरात पडून असलेला एखादा संगणक दिलात तर तो अधिक उपयोगी पडेल. आणि ज्यांना संगणक येतो त्यांनी महिन्यातील एक शनिवार दिला, तर मुलांच्या शंका जागच्या जागी सुटतील. स्वतः अभ्यास करणाऱ्याला शेजारी बसून 'हे असे कर' म्हणणाऱ्या माणसाचा फार आधार वाटतो.