एका रीडिंगवर निष्कर्ष नको

प्रयोगशाळेत आपण एकाच रीडिंगवर निष्कर्ष काढत नाही. संसदेतल्या भाषणांचंही तसंच आहे. डॉ. आंबेडकर १९५२ पासून राज्यसभेत होते. २ सप्टेंबर १९५३ ला आंध्र राज्य विधेयकावर, अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना अधिकार हवेत, असं ते मांडत होते. त्याच ओघात, राज्यघटना जाळणारा पहिला मीच असेन, या अर्थाचं ते बोलले. आज तेवढंच फिरतं. पण १९ मार्च १९५५ ला, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत, त्यांनी कारण सांगितलं: मंदिर देवासाठी बांधलं, पण आधी राक्षसच आत शिरला तर करायचं काय? राज्यसभेतल्या चर्चा ऑनलाइन आहेत. मनीषनगरातल्या खोलीत बसूनही वाचता येतात. म्हणून उद्धरण घेण्याआधी तारीख, विधेयक आणि त्याच वक्त्याचं पुढचं भाषण, तिन्ही बघा.