फिरत्या घराला नवा रंग

अमेरिकेत 'आरव्ही' म्हणजे चाकांवरचे फिरते घर. बरीच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या आरव्हीवर बोट फिरवले, तर खडूसारखी पूड लागते. ही धूळ नव्हे. फायबरग्लासवरील 'जेलकोट' थरातल्या बहुवारिकाच्या साखळ्या अतिनील किरणांनी तुटतात आणि त्यांनी धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात. तशावरच रंग दिला, तर तो गाडीला नव्हे, पुडीला चिकटतो. लवकरच पापुद्रे सुटतात. म्हणून पृष्ठभाग धुऊन, जुने मेण द्रावकाने पुसून, मगच पॉलिश पेपरने घासावा. आधी घासले तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते.

हौशी माणसे एवढी काळजी घेतात. खरा धोका पुढेच आहे. टिकाऊ पॉलियुरेथेन रंग दोन डब्यांत येतो. दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळला पसरलेले मिथाइल आयसोसायनेट हे निराळे संयुग. पण नायट्रोजन, कार्बन व ऑक्सिजनचा क्रियाशील गट दोन्हींत तोच. रंग फवारताना उडणारे तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अत्यल्प मात्राही पुरते. येथे नाकावर रुमाल निरुपयोगी. नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा. तो नसेल, तर फवारणीचे काम सोय असलेल्या रंगशाळेकडे सोपवावे, असे आम्ही म्हणू.