लक्षद्वीपला जायचे कसे? आधी परतीचा हिशेब

कापडाच्या धंद्यातला माणूस गिरणीचा भाव ऐकून खूश होत नाही. भाडे, हमाली आणि वाटेतला खोळंबा धरून माल दुकानात कितीला पडला, हे तो पाहतो. लक्षद्वीपच्या सफरीला हाच हिशेब लावावा. तिथे तिकिटापेक्षा खोळंबा महाग पडतो.

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटरवर अरबी समुद्रात ही बेटे आहेत. एकूण ३६ बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ६४ हजार होती आणि त्यात शेकडा ९६ हून अधिक मुसलमान. बंगाराम हे पर्यटनाचे बेट सोडले तर दारूबंदी आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. देश आपलाच असला तरी १९६७ च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. तो हाती येण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या तिकिटात पैसे अडकवू नयेत.

मुख्य दरवाजा कोचीचा. आपल्याकडून कोकण रेल्वेने जाणे सोयीचे. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून एर्नाकुलमला जाते. नेत्रावती एक्सप्रेसही आहे. कोचीहून पुढे दोन रस्ते.

पहिला रस्ता जहाजाचा. कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाजे सुटतात. बेट आणि जहाज पाहून साधारण १४ ते १८ तास लागतात. ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे ७०० प्रवाशांचे मोठे जहाज. त्यावरची ‘समुद्रम’ ही पाच दिवसांची सरकारी सहल कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवते. रात्री प्रवास, दिवसा बेट आणि झोपायला जहाजच, त्यामुळे हॉटेलचा खर्च वाचतो. मात्र जिथे जहाज धक्क्याला लागू शकत नाही, तिथे भर समुद्रात लहान होडीत उतरावे लागते. वृद्ध आणि लहान मुले सोबत असतील तर हे आधी विचारून घ्यावे.

दुसरा रस्ता विमानाचा. कोचीहून अगत्ती सुमारे दीड तास. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, म्हणून एटीआरसारखी लहान विमानेच उतरतात. जागा थोड्या, सामानही बेताचे. २०२४ मध्ये बंगळूर आणि गोव्याहूनही सेवा सुरू झाल्या, पण वेळापत्रके बदलतात, तेव्हा ताजी चौकशी करावी. विमान अगत्तीलाच थांबते हे विसरू नये. मुक्काम कवरत्ती किंवा बंगारामला असेल तर पुढे बोट आलीच. तिचे भाडे आणि वेळ हिशेबात धरावी. बेटांमधले हेलिकॉप्टर पर्यटकांच्या भरवशाचे नाही. गंभीर रुग्णांना हलवण्यासाठी त्याची गरज असते.

मोसमही पाहावा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, लहान वेगवान बोटी बंद राहतात आणि जहाजांचे वेळापत्रक कोलमडते. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल हा काळ बरा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याला जे जहाज सहलीचे वाटते, तीच बेटवासीयांची एस. टी. आहे. दवाखान्याला निघालेला रुग्ण, केरळात शिकणारा विद्यार्थी, माल आणायला निघालेला दुकानदार, सगळे त्यातूनच येतात-जातात. म्हणून ऐन वेळी जादा पैसे दिले की जागा मिळेल, या भ्रमात राहू नये. तशी मागूही नये. परतीचे तिकीट पक्के झाल्याशिवाय कोचीतून पाऊल उचलू नये. कोचीहून घरी येणारी रेल्वेही जहाजाच्या दिवशीची न घेता एक-दोन दिवस पुढची घ्यावी.

एकट्या जवानाने जहाजाने जावे. ज्याच्याकडे चारच दिवस आहेत किंवा घरात वयस्क मंडळी आहेत, त्याने विमान धरावे. दोन्ही रस्ते चांगले आहेत. ज्या रस्त्याने परतीची जागा पक्की मिळते, तोच आपला.