गर्भाशयाची उंची : एक रिकामा राहणारा रकाना

सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर आपल्या हाताची एक जुनी सवय सुटत चालली आहे, असे बेळगाव परिसरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला वारंवार जाणवते. गरोदर स्त्रीच्या फाईलमध्ये सोनोग्राफीचे तीन-चार अहवाल असतात, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या नोंदी असतात. मात्र गर्भाशयाच्या उंचीचा रकाना रिकामा असतो, किंवा त्यात ‘दिवसांप्रमाणे’ एवढाच शेरा आढळतो. त्या रकान्याविषयी हा लेखप्रपंच.

गर्भाशय हे मूळचे ओटीपोटातील लहानसे इंद्रिय. बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा माथा जघनास्थीच्या वर हाताला लागू लागतो. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान तो बेंबीपर्यंत येतो आणि ३६ व्या आठवड्यास छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी पोहोचतो. पुढे बाळाचे डोके ओटीपोटात उतरले की माथाही थोडा खाली येतो. मात्र बेंबीची जागा प्रत्येक स्त्रीत सारखी नसते; म्हणून बोटांच्या अंदाजापेक्षा टेप बरी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅकडोनल्ड यांनी या मोजमापाचा पुरस्कार केला. आज वापरात असलेला ठोकताळा सोपा आहे : साधारण २४ ते ३६ आठवड्यांच्या काळात जितके आठवडे, तितके सेंटिमीटर, दोन-तीन सेंटिमीटरचा फरक क्षम्य.

मोजण्याची रीत मात्र काटेकोर हवी. प्रथम स्त्रीस लघवी करून येण्यास सांगावे; भरलेल्या मूत्राशयामुळे उंची दोन-तीन सेंटिमीटरने जास्त भरू शकते. तिला उताणे, किंचित उशाशी उंच निजवावे. गर्भाशय उजवीकडे कललेले असल्यास ते मध्यावर आणावे. डाव्या तळहाताच्या कडेने माथा निश्चित करून तेथून जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरावी. टेपची आकड्यांची बाजू पोटाकडे असावी आणि आकडा शेवटी उलटवून वाचावा. म्हणजे ‘अपेक्षित’ आकड्याकडे मन ओढले जात नाही. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, ती बदलावी.

उंची अपेक्षेपेक्षा जास्त भरल्यास पाळीची तारीख चुकली आहे काय, जुळे आहे काय, गर्भजल वाढले आहे काय, मधुमेहामुळे बाळ मोठे आहे काय, की गर्भाशयात गाठ आहे, हे पाहावे. कमी भरल्यास तारखेबरोबरच बाळाची खुंटलेली वाढ, कमी गर्भजल आणि आडवे बाळ यांचा विचार करावा. टेप निदान करीत नाही. ती फक्त शंका उपस्थित करते. शंकेचे निरसन सोनोग्राफी व डॉप्लर तपासणीने करावयाचे असते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्थूल स्त्रीत, जुळ्यांत किंवा मोठी गाठ असताना ती भरवशाची नाही. केवळ टेप वापरल्याने अर्भकमृत्यू घटतात, असे सिद्ध झालेले नाही; जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली पोट चाचपणे व टेप यांपैकी जी रीत चालू असेल ती बदलण्याची शिफारस केली नाही. दुसरीकडे, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील १९९९ च्या अभ्यासात, प्रत्येक मातेसाठी स्वतंत्र आलेख काढून त्यावर उंची नोंदविल्यास लहान बाळे ओळखण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. २०१६ साली उंचीची आंतरराष्ट्रीय प्रमाणे प्रसिद्ध झाली. त्यासाठी आठ देशांत झालेल्या मोजणीत आपले नागपूरही होते.

माझ्या मते खरा अर्थ एका आकड्यात नसून आकड्यांच्या रांगेत आहे. आणि येथेच आपल्या समाजाची एक रीत विचारात घ्यावी लागते. पहिले बाळंतपण माहेरी! सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे नेमक्या मोलाच्या काळात, आपल्या मुलींचा डॉक्टर बदलतो. खानापूर तालुक्यातील अशीच एक मुलगी सासरहून माझ्याकडे आली. सासरच्या डॉक्टरांनी कार्डावर २८ व्या आठवड्यास २७, ३० व्या आठवड्यास २९ आणि ३२ व्या आठवड्यास २९ असे आकडे लिहिले होते. ३३ व्या आठवड्यास मीही मोजले. २९ च भरले. तिची आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आमच्यात पोट दिसतंच लहान.” एकटा २९ पाहिला असता तर तेही पटण्याजोगे होते; पण रांग थांबली होती. डॉप्लरमध्ये नाळेतील रक्तप्रवाह कमी आढळला. जवळून देखरेख ठेवून ३६ व्या आठवड्यात प्रसूती केली. बाळ १ किलो ८०० ग्रॅमचे, पण सुखरूप. त्याचे निम्मे श्रेय सासरच्या त्या अनोळखी डॉक्टरांच्या तीन आकड्यांना आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, प्रत्येक भेटीत उंची सेंटिमीटरमध्ये, तारखेसह लिहावी. सीमेच्या अलीकडे कार्ड कन्नडमध्ये असो वा पलीकडे मराठीत, आकडा दोन्हीकडे वाचता येतो. आणि मुलीला माहेरी आणणाऱ्या मातापित्यांना सांगणे की, ओटीच्या सामानाबरोबर तिचे कार्ड व सर्व कागद आठवणीने आणावेत. पोट वाढत नाही, किंवा बाळाची हालचाल कमी वाटते, असे ती म्हणाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात यावे.