धाब्याचे घर आणि दावण : निमगाव केतकी परिसरातील शेतकरी घराची रचना

निमगाव केतकी हे इंदापूर-बारामती रस्त्यावरील गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडते. या पट्ट्यात वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. येथील शेतकऱ्याच्या जुन्या घराची रचना समजून घ्यावयाची असल्यास पाऊस, वैरण आणि लाकूड या तीन गोष्टींचा एकत्र विचार करणे अवश्य आहे.

प्रथम छपराचा विचार करू. कोकणात भातपेंढा किंवा गवत यांनी उतरते छप्पर शाकारता येते. ज्वारीच्या या मुलखात मात्र कडबा हे जनावरांचे वर्षभराचे अन्न होय. तो घरावर घालणे म्हणजे बैलाच्या तोंडचा घास काढणे. गवत दुर्मीळ, पाऊस थोडा आणि माती विपुल. म्हणून येथे धाबे आले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी किलचणे, त्यांवर पाल्याचा किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर चोपलेली पांढरी माती, असा त्याचा क्रम असतो. किंचित उतार देऊन पाणी पन्हळीवाटे बाहेर काढतात. प्रकाशासाठी व धूर जाण्यासाठी छपरात सवणे ठेवतात. धाब्यावर धान्य, मिरच्या व सांडगे वाळतात आणि उन्हाळ्यात माणसे निजतात.

दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात, आणि घराचा आकार खणांतच सांगितला जातो. खणाची मर्यादा उपलब्ध लाकडाने ठरते. बाभूळ व कडुनिंब यांची सरळ, लांब तुळई क्वचितच मिळते. त्यामुळे खण लहान व खांब पुष्कळ. छपराचा भार मुख्यतः हे खांब घेतात. दगडमातीच्या जाड भिंती उन्हाळ्याचा ताप अडवितात व आडोसा देतात.

आता गोठ्याकडे वळू. बऱ्याच जुन्या घरांत गोठा वेगळा नसून ओसरीलगतच्या एक-दोन खणांत असे. भिंतीकडेला गव्हाण, तिच्यापुढे दावण, आणि जमिनीस बाहेरच्या अंगास उतार. खिल्लार बैलांची जोडी ही शेतकऱ्याची सर्वांत मोलाची मत्ता. ती रात्री डोळ्यांसमोर असावी, हा त्यामागील हेतू. अंगणाच्या एका कडेस कडब्याची गंजी आणि घरापासून काहीशा अंतरावर उकिरडा असे. शेणाचा उपयोग सारवणास, गोवऱ्यांस व खतास होई. त्यामुळे अंगण ही केवळ मोकळी जागा नसून शेतीचा एक कारखानाच होता.

याच्याशी इंग्लंडमधील डार्टमूर पठारावरील जुन्या लांबट घरांची तुलना उद्बोधक ठरते. तेथेही एकाच छपराखाली, एकाच प्रवेशमार्गाच्या एका बाजूस कुटुंब आणि उताराच्या बाजूस गुरे राहत. गोठ्यातील मोरी खालच्या भिंतीतून बाहेर काढलेली असे. तेथे थंडी व पाऊस यांपासून गुरांचे रक्षण करावयाचे होते, येथे मुख्यतः ऊन व चोरी यांपासून. कारणे भिन्न, परंतु पशुधन जवळ ठेवण्याची निकड एकच.

ही रचना पाण्याने बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले. पुढे ऊस वाढला, विहिरींच्या आधारे पानमळे व डाळिंबाच्या बागा झाल्या. रात्री-अपरात्री पाणी धरावे लागल्याने अनेक कुटुंबे गावठाण सोडून रानातील वस्तीवर राहावयास गेली. ट्रॅक्टर आल्यावर बैल घटले. संकरित दुभत्या गाईंसाठी पत्र्याचे स्वतंत्र गोठे उभे राहिले. दावण घराबाहेर पडली, आणि धाब्याच्या जागी स्लॅब आला.

या बदलाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. पाणी गळू नये म्हणून धाब्यावर वेळोवेळी मातीचा नवा थर घालतात. जुना थर मात्र सहसा काढला जात नाही. अशा रीतीने छपराचे वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. मात्र जेथे लाकडी सांगाडा भक्कम होता, अशा काही घरांत भिंती पडूनही छप्पर खांबांवर टिकले. दोष मातीपेक्षा बांधणीच्या तपशिलात अधिक होता, हा त्यातील बोध होय.

म्हणूनच उरलेल्या घरांची मोजणी करताना केवळ दर्शनी भागाचे चित्र पुरेसे नाही. खणांची संख्या व माप, खांब-तुळईचा सांधा, मातीच्या थरांची जाडी, गव्हाणीची उंची, जमिनीचा उतार आणि प्रत्येक भागाचे स्थानिक नाव यांची नोंद झाली पाहिजे. मातीचे घर रिकामे पडले की त्यावर नवा थर पडत नाही, आणि थोड्याच पावसाळ्यांत ते पुन्हा माती होते. घर गेल्यावर किलचण, सवणे, गव्हाण हे शब्दही फार काळ मागे राहत नाहीत.