जमीन मोजणारी अळी

पावसाळा भरात आला म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील सोयाबीनच्या शेतात पाठीची कमान करून चालणारी हिरवी अळी दिसू लागते. शेतकरी तिला उंटअळी म्हणतात. बांधावरील झाडाझुडपांवरही अशाच चालीची, काडीसारखी तपकिरी अळी आढळते. दोन्ही एकच समजून पिकाबरोबर बांधही फवारण्याचा मोह होतो. वास्तविक या दोन निरनिराळ्या कुळांतील किडी होत.

काडीसारखी अळी जिऑमेट्रिडी कुळातील पतंगांची असते. या ग्रीक नावाचा अर्थ ‘जमीन मोजणारे’ असा आहे. मोजणीदार जमीन मापीत पुढे सरकतो, तशीच ही अळी फांदी मापीत जाते. जगात या कुळाच्या सुमारे २३,००० जाती ज्ञात आहेत.

चालीचे रहस्य पायांत आहे. तिला छातीवर खऱ्या पायांच्या ३ जोड्या व शेपटाकडे पोटपायांच्या बहुधा २ जोड्याच असतात. मधला भाग बिनपायाचा असल्याने मागचे पाय पुढे ओढताना शरीराची कमान होते. सोयाबीनवरील हिरव्या उंटअळीस पोटपायांच्या ३ जोड्या असतात. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीस त्या ५ असल्याने ती सरळ सरपटते.

संकटाची चाहूल लागताच या कुळातील अनेक अळ्या मागच्या पायांनी फांदी धरून ताठ उभ्या राहतात. मग पक्ष्यालाही ती वाळकी काडीच भासते.

तथापि हे कूळ सर्वस्वी निरुपद्रवी नव्हे. मूळची रानातील झाडांवर जगणारी हायपोसिड्रा टलाका ही जात गेल्या काही दशकांत आसाम व उत्तर बंगालमधील चहाच्या मळ्यांत मोठी कीड ठरली आहे. म्हणून पाय मोजल्याने कूळ कळते. फवारणीचा निर्णय मात्र पिकावरील अळ्यांच्या संख्येवरून घ्यावा. सोयाबीनमध्ये फुलोऱ्यापूर्वी ओळीच्या एका मीटरात सरासरी ४ उंटअळ्या आढळल्यास उपाय योजावा. बांधावर चार काड्या चालताना दिसल्या, एवढ्यावरून पंप पाठीस लावू नये. त्या फवाऱ्याने अळ्यांवर जगणारे कोळी व परोपजीवी माश्याही मरतात आणि शेतकऱ्याचे फुकटचे राखणदार नाहीसे होतात.

कृषी सहायकांनी शिवारफेरीत अळी तळहातावर घेऊन तिचे पाय शेतकऱ्यांकडूनच मोजवून घ्यावेत. एकदा डोळ्यांनी पाहिलेला फरक सहसा विसरला जात नाही.